शकुनच्या नावाचं कार्ड

आमच्या करडीच्या घरात बाईच्या नावानं पहिलं कार्ड आलं ते शकुनला. एक्याऐंशी सालची संक्रांत जवळ आली होती. तोवर पोष्टातून जे यायचं ते पुरुषांच्या नावानं. माझा बाप माहेरी बपेऱ्याला वारला तेव्हा कोपरा फाडलेलं कार्ड आलं, तेही माझ्या नवऱ्याच्या नावानं. बाप माझा, कार्ड गोमाजीचं. आणि इथं माझ्या धाकट्या जावेला, माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान पोरीला, नागपूरहून ठसठशीत अक्षरात कार्ड: सौ. शकुनबाई भय्याजी, मु. करडी, जिल्हा भंडारा.

मी अंगण सारवत होते. पोष्टमन तुलारामनं सायकल भिंतीला टेकवली.

"शकुनबाई कोन व इथं?" तो हसत म्हणाला. गावचाच माणूस, त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

"दे इकडं," मी शेणाचा हात पुढे केला.

"तुमाले कसं देऊ? नाव तिचं आहे."

शकुन आतून पदर सावरत आली. कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं आणि शेवटी माझ्याच हातात दिलं. ती शाळेत गेलेली नव्हती. मी तिसरीपर्यंत गेले होते, म्हणून घरात बायकांमधली वाचणारी मीच. हात धुऊन मी वाचलं. "आपल्या आजाराच्या अभ्यासासाठी आपली निवड झाली आहे. मंगळवारी सकाळी नऊ वाजता उपाशीपोटी यावे. आपली प्रकृती कशी आहे?"

शेवटची ओळ मी जरा घाईघाईत वाचली.

निवड. माझी आजवर कुठे निवड झाली होती? गोमाजीच्या घरचे पाहायला आले होते ते माझ्या बहिणीला. तिला नेमका गोवर निघाला, पाहुणे रिकामे कसे जातील म्हणून मला पुढे केलं. आणि ही बघा, दुखणं झालं तर त्यातही निवडून आली.

शकुन कशी होती ते सांगते म्हणजे माझं जळणं कळेल. ती पवनीकडच्या कोंढ्याची. उजळ, बारीक, हसली की खालचा ओठ दाताखाली धरायची. भय्याजी, म्हणजे माझा धाकटा दीर, भंडाऱ्याच्या बाजारातून आला की धोतराच्या सोग्यात तिच्यासाठी काहीतरी लपवून आणायचा. कधी काकणं, कधी नुसते फुटाणे. माझे गोमाजी दिवसातून दोनदा बोलायचे आणि त्यातलं एक बोलणं बैलाबद्दल असायचं. एवढं असून हेवा खरं तर तिनं माझा करायचा. मला तीन लेकरं होती. तिची कूस तीनदा भरली आणि तीनदा रिकामी झाली. पण हेवा करणं तिला जमायचंच नाही. माझ्या धाकट्याला कडेवर घेऊन ती बोडीवर तळ्यातली कमळं दाखवायला न्यायची आणि परत आणताना त्याचं नाकही पुसून आणायची.

आमची सासू मात्र न्यायाची बाई. तिच्या सासूनं तिला आणि तिच्या जावेला कधी सारखं दिलं नव्हतं. थोरलीला दुधावरची साय, हिला खालची निवळी. म्हणून हिनं शपथ घेतली होती की माझ्या घरात दोन सुना आल्या तर प्रत्येक गोष्टीचे दोन वाटे होतील. कोंढ्याहून तिळाचे लाडू आले, दोन वाटे. बपेऱ्याहून मोहाची फुलं आली, दोन वाटे. एक शिंगाडा जास्त निघाला तर तो विळीवर मधोमध चिरायचा. लुगडी एकाच ठाणातली. शिव्यासुद्धा बरोबरीनं. मला एक हासडली की शकुनला उगीच एक. पुढे सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हापासून ती बोटांनी मोजायची. पण चूक काढून दाखवावी कोणी!

शकुनचं दुखणं सुरू झालं ते रोवण्यात, सत्त्याहत्तर साली. आम्ही पंधरा बाया चिखलात वाकून पऱ्हे, धानाची रोपं, लावत होतो. ऊन कडक पडलं होतं. मी मान वर केली तर शकुनचे दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा पळसाच्या फुलासारखा लाल.

"रोवण्यात नटून येतेस का व?" मी म्हटलं.

"नाही व बाई, उन्हानं होते."

मला पटलं नाही. संध्याकाळी तिची पेटी उघडून पाहिली मी. रंगाची पुडी वगैरे काही नव्हती. एक आरसा, फुटका.

मग तिला ताप यायला लागला. बोटांचे सांधे सुजायचे, लुगड्याची गाठ बांधता यायची नाही. विंचरायला बसली की फणीत केसांचा पुंजका. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हिला उन्हात पाठवू नका. झालं! रोवणा आला की शकुन सावलीत आणि मी चिखलात. पाठीवर पाऊस, पायाला जळवा, आणि घरी येऊन पाहावं तर ती चुलीपुढे भाकरी थापत बसलेली, अंगावर कोरडं लुगडं.

एकदा बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शिदोरी सोडून बसलो होतो तेव्हा मी सगळ्या बायांपुढे म्हणाले, "रोवणा आला का आमच्या शकुनले ताप येते. धान घरात आलं का ताप जाते. दुखनं नाही व ते, अक्कल आहे."

बाया खिदळल्या. ललिताबाई तर घास अडकून खोकायला लागली. हे शकुनच्या कानावर गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तापात ती रोवण्याला आली आणि दुपारी चिखलात पडली. भय्याजीनं तिला खांद्यावर घालून घरी नेलं. आणि मला काय वाटलं? मी पडले तर गोमाजी मला उचलतील का, की आधी बैल सोडतील?

असं दोन-तीन वर्षं चाललं. शेवटी ऐंशीच्या दिवाळीनंतर भय्याजी तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं रक्त काढलं, लघवी तपासली, आजाराचं नाव सांगितलं. लूपस. शरीर आपलंच आपल्याला खातं, असा काही तो आजार. सासूला नाव काही धरता येईना. ती त्याला "नागपूरचं" म्हणायची. "शकुनचं नागपूरचं आज कसं आहे?" तिथल्या एक डॉक्टरीणबाई हाच आजार झालेली माणसं शोधत होत्या, औषधाचा अभ्यास करायला. त्यांनी शकुनचा पत्ता लिहून घेतला. त्यातून ते कार्ड.

त्या मंगळवारी भय्याजी धानाच्या चुरण्यात, मळणीत गुंतला होता, म्हणून तिच्यासोबत मी गेले. कार्ड मी वाचलं होतं, म्हणजे रस्ताही मलाच कळेल असं सासूचं म्हणणं. खरं सांगते, मलाही पाहायचं होतं.

दवाखान्यात बाकावर आठ-दहा बाया बसल्या होत्या. कोणाच्या गालावर तसाच लाल पट्टा, कोणाचे केस गेलेले. सेवकराम नावाचा एक कारकून मोठी वही घेऊन दारात उभा होता. त्यानं हाक मारली, "शकुनबाई भय्याजी!" बाई म्हणून. आमच्या गावात तिला मनापासून बाई म्हणणारा अजून जन्मायचा होता. डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्ची दिली. मी मागे उभी.

"झोप येते का, शकुनबाई?"

"कधी येते, कधी नाही येत."

"भूक? अंग दुखतं ते सकाळी जास्त की रात्री? थकवा येतो?"

एकेक विचारायच्या आणि एकेक लिहायच्या. मग पेन थांबवून म्हणाल्या, "मन उदास होतं का?"

शकुननं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांजच्याले होते. दिवा लावाच्या आंधी."

त्यांनी तेही लिहिलं. दिव्याचंसुद्धा लिहिलं. मन उदास होतं हेही कागदावर लिहून घेतात, मला ठाऊकच नव्हतं. नाहीतर माझ्याकडे वहीभर होतं. माझं लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती, झोप येते का हे मला आईनंसुद्धा विचारलं नव्हतं.

मग त्यांनी एक कागद वाचून दाखवला. अभ्यासातल्या डब्या दोन प्रकारच्या. एकीत औषधाची गोळी, दुसरीत तशीच दिसणारी, तशीच कडू, पण बिनऔषधाची. बाकीची औषधं सगळ्यांना मिळणारच. "कोणाच्या डबीत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही. बंद पाकिटात लिहिलेलं आहे. आजार फार वाढला तरच ते पाकीट उघडायचं." मला आश्चर्य वाटलं. रांधणारीलाच ठाऊक नाही भाजीत मीठ आहे की नाही! पण शकुननं समजून घेतलं, दोनदा विचारलं आणि अंगठा दिला.

"आणि हे नीट ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज एक गोळी. एकही चुकवायची नाही. घरात दुसऱ्या कोणालाही द्यायची नाही. दोन महिन्यांनी चार उरतील, त्या परत आणायच्या. आम्ही मोजतो."

आम्ही दोघींनी माना हलवल्या. मी जरा जास्तच हलवली. मग मी म्हणाले, "बाई, माझंही नाव लिवा ना. माझे गुडघे दुखतेत."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, खरंच बसवलं. गुडघा दाबला, पापणी खाली ओढली, नखं पाहिली. "अंगावर चट्टे?"

"आहे ना." मी कोपराजवळचा चुलीचा भाजलेला डाग दाखवला.

त्या हसल्या. "रुखमाबाई, तुम्ही ठणठणीत आहात. देवाचे आभार माना."

सेवकराम दारातून म्हणाला, "बाई, हिते नाव नोको म्हनून लोकं रडतेत. हो म्हनून रडनारी पयलीच पाहिली."

मी रडत नव्हते. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. बाहेर शकुनचं रक्त काढलं, तिला चहा आणि दोन केळी दिली. तिनं एक केळं माझ्या हातात ठेवलं. घरचा नियमच तो.

संध्याकाळी घरी आलो. सासू ओसरीवर बसली होती. "काय दिलं नागपूरवाल्यानं?"

शकुननं डबी तिच्या हातात दिली. पांढरी, चकचकीत, हलवली की खुळखुळायची. सासूनं झाकण काढून आत बोट फिरवलं.

"किती आहेत?"

शकुननं माझ्याकडे पाहिलं. आता सांगायची पाळी माझी होती. नियम ऐकलेली मी, वाचता येणारी मी, आणि सासूपुढे तोंड उघडायची हिंमत असलेलीही मीच. तेवढं वाक्य बोलायचं होतं, की मामीजी, ही वाटायची वस्तू नाही.

मी म्हणाले, "चौसष्ट, मामीजी. चार वापस कराच्या आहेत."

"मंग साठ. तीस-तीस घ्या."

"मामीजी," शकुन हळूच म्हणाली, "हे दवाई आहे ना..."

"दवाई आहे तं काय झालं? हिवतापवाला येते तवा काय करते? एकाले ताप आला तं घरभर गोळ्या देते. सरकारी दवाई घराची असते. आन हिचे गुडघे काय लाकडाचे आहेत?"

तिनं परात मागवली. बोटांनी चाचपत दोन-दोनच्या जोड्या लावल्या, शिंगाडे लावायची तशा. माझा वाटा मी एका चिंधीत बांधला. शकुन आत गेल्यावर मलाच म्हणाली, "बाई, घ्या तुमी. तुमचे गुडघे खरंच दुखतेत. मी एक दिवस आड घेईन."

मी घेतली. कडू जहर. दुसऱ्या दिवशी उठले तर खोटं कशाला बोलू, गुडघे फुलासारखे हलके. आठ दिवसांत मी पाण्याची गुंड डोक्यावर घेऊन नाचत चालायला लागले. ललिताबाईनं विचारलं, "काय व, नवरा बोलाले लागला का?" मी सांगितलं, "नागपूरचं औषध चालू आहे माझं." माझं. त्या शब्दाची चव गोळीपेक्षा जास्त वेळ तोंडात राहिली.

मार्चात कार्ड आलं, मे महिन्यात आलं. दोन्ही वेळा भय्याजी तिला घेऊन गेला. दर वेळी चार गोळ्या परत गेल्या, नवी डबी आली, परात मांडली गेली. मी कार्ड वाचून दाखवायचे. शकुन ऐकता ऐकता आपल्या नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवायची. कार्डं तिनं पेटीत त्या फुटक्या आरशाखाली ठेवली होती. "आपली प्रकृती कशी आहे" ही ओळ मी दर वेळी खालच्या आवाजात वाचायचे, आणि ती दर वेळी म्हणायची, "बाई, शेवटचं पुन्हा वाचा ना."

जुलैत रोवणा आला आणि शकुन सुजली. पावलं सुजली, मग पोटऱ्या, मग सकाळी उठली तर डोळे उघडेनात. लघवी होईना. झाली तर फेसाळ. या वेळी ती सावलीत बसली म्हणून कोणी हसलं नाही. कार्डाची तारीख चार दिवसांवर होती, पण भय्याजी थांबला नाही. रोवणा गोमाजीवर टाकला. तिला दोन्ही बाजूंनी धरायला लागत होतं म्हणून मीही निघाले. एसटीत तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. माझे गुडघे, सांगायला लाज वाटते, मजेत होते.

दवाखान्यात त्यांनी तिला लगेच खाटेवर घेतलं. भय्याजीला रक्ताची नळी घेऊन दुसऱ्या इमारतीत पिटाळलं. डॉक्टरीणबाई आल्या, सूज दाबून पाहिली, कागद पाहिले. सेवकरामनं डबी उपडी करून गोळ्या मोजल्या. आम्ही चार दिवस लवकर आलो होतो, पण सासूनं तीस-तीसचे वाटे आधीच केले होते. माझ्या चिंधीतल्या दोन आणि तिच्या दोन मी घरून निघताना डबीतल्या चारांत टाकल्या होत्या, हिशेब जुळायला.

"आठ," सेवकराम म्हणाला. "बरोबर. आजवर एक गोळी नाही चुकली या बाईची."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "हेच तर वाईट. इतकं नियमानं घेऊनही मूत्रपिंडाला लागलं." त्या खाटेच्या कडेला बसल्या. शकुनचा हात हातात घेतला. "शकुनबाई, आता तुम्हाला अभ्यासातून काढून फार तेज औषध द्यावं लागेल असं दिसतं. त्यानं जीव वाचेल. पण ते घेतल्यावर मूल होण्याची आशा बहुतेक सोडावी लागते. मला तुम्हाला खोटं सांगायचं नाही."

शकुन वर छताकडे पाहत होती. सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून पाणी कानाकडे वाहत होतं. मी वाट पाहिली, आता बोलेल. आता सांगेल की मी अर्ध्याच खाल्ल्या, अर्ध्या या बाईनं खाल्ल्या. सांगायला हवंच होतं तिनं. तिच्या लेकराची गोष्ट होती.

ती म्हणाली, "जे कराचं ते करा, बाई. घरी आमच्या जाऊबाईनं काई कमी नाही केलं, त्या लय करतेत माझं."

तिथं मला जो हेवा वाटला तसा जन्मात वाटला नव्हता. रूप तिला, नवऱ्याचं प्रेम तिला, कार्ड तिला, खुर्ची तिला. आणि आता चांगुलपणसुद्धा सगळा तिलाच? माझ्या वाट्याला चार दाणे तरी ठेव की बाई! मी त्या रागातच पुढे झाले. लोक म्हणतात माझं मन पाघळलं. पाघळलं-बिघळलं काही नाही. मला ते तिच्याकडे सगळं जाताना पाहवलं नाही.

"अर्ध्या मी खाल्ल्या," मी म्हणाले.

"काय?"

"गोळ्या. सहा महिने. एक दिवस हिनं, एक दिवस मी. आमच्या घरी वाटे करतेत."

सेवकरामच्या हातातली डबी तशीच राहिली. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुमच्यासमोर सांगितलं होतं ना, रुखमाबाई?"

"सांगतलं होतं."

"मग काहून?" त्यांच्या तोंडून आमची बोली आली, इतक्या त्या संतापल्या होत्या.

"तुमी हिलेच विचारत होत्या सगळं," मी म्हणाले.

त्या दाराबाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हातात एक लाखेनं बंद केलेलं पाकीट होतं. माझ्यासमोर फोडलं. शकुनची डबी औषधाची होती. अर्ध्या औषधावर ही बाई सहा महिने टिकली होती. "तेज औषध आजच नाही," त्या म्हणाल्या. "आधी ही गोळी पूर्ण, दुसरी औषधं वाढवून, तीन आठवडे इथं ठेवून पाहू. सूज उतरली तर ठीक. नाही उतरली तर माझ्या हातात काही नाही." मग त्यांनी शकुनच्या कागदावर लाल शाईची आडवी रेघ ओढली. अभ्यासात ते धरता येणार नव्हतं. एवढ्या महिन्यांचं लिहिलेलं, दिवा लावायच्या आधीचं उदास मनसुद्धा, सगळं त्या रेघेखाली गेलं.

मला वाटलं आता मला हाकलतील. तर त्यांनी खुर्ची ओढली. "बसा. सेवकराम, एक कोरा कागद घ्या. नाव?"

"कोनाचं?"

"तुमचं. आजार नसताना ही गोळी सहा महिने खाल्ली आहे तुम्ही. या गोळीनं डोळे बिघडू शकतात. तपासायला नको? झोप येते का?"

सेवकराम लिहायला लागला, रुखमाबाई गोमाजी, वय चौतीस. झोप, भूक, थकवा, अंधुक दिसतं का, अंगाला खाज सुटते का. जे ऐकायला मी मरत होते ते सगळं एकेक करून विचारलं. माझ्या मागे खाटेवर शकुन सुजून पडलेली.

"मन उदास होतं का?"

"आत्ता होऊन राहिलं, बाई," मी म्हणाले. सेवकरामनं ते लिहिलं की नाही, मी पाहिलं नाही.

ते तीन आठवडे मी दवाखान्याच्या ओट्यावर काढले. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. रोज सकाळी मी तिच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबायचे आणि खड्डा किती वेळ राहतो ते पाहायचे. डॉक्टरीणबाई करायच्या तसंच. दहाव्या दिवशी खड्डा लवकर भरला. मी पुन्हा दाबला.

"बाई, पीठ मळून राहिल्या का?" शकुन म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिनं ओठ दाताखाली धरला होता.

तेज औषध द्यावं लागलं नाही.

घरी येऊन मी सासूला सगळं सांगितलं. तिनं मांडीवरची परात बाजूला ठेवली. मग तिनं डबी मागितली, कमरेच्या पिशवीत घातली आणि नाडी आवळली. त्या दिवसापासून शकुनला रोज सकाळी ती आपल्या हातानं एक गोळी द्यायची आणि गिळेपर्यंत तिचा गळा चाचपायची. त्याच वेळी मला हाक मारून माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. वाटा चुकू द्यायचा नाही. माझे गुडघे पुन्हा दुखायला लागले, ते गुळानं काही दुखायचे राहिले नाहीत.

शकुन अभ्यासात नव्हती, तरी डॉक्टरीणबाई तिला बोलवत राहिल्या. कार्डंही येत राहिली. मी सोबत जायचे, तेव्हा त्या माझेही डोळे वर्षातून एकदा पाहायच्या. एवढ्याशा गोळ्यांनी काही होत नाही असं त्याच म्हणायच्या, पण पाहायच्या. कधी शकुनला ताप यायचा, कधी महिनाभर बोटं वळायची नाहीत. रोवण्याला ती पुन्हा कधी गेली नाही. धुऱ्यावर कोणी बोललं तर त्याला उत्तर द्यायला मी होते.

चौऱ्याऐंशी साली, डॉक्टरीणबाईंच्या परवानगीनं आणि त्यांच्याच देखरेखीखाली, शकुनला मुलगी झाली. मंदा. पाच महिने खाटेवर काढून, आठव्यातच झालेली, ओंजळीत मावेल एवढी. अर्धं करडी गाव पाहायला आलं. माझ्या तीन बाळंतपणांना मिळून एवढ्या बाया आल्या नव्हत्या. मी दारात बसून मोजल्या.

बाळंतपणामुळे पुढचे चार महिने आम्ही नागपूरला गेलो नाही. एक दिवस दुपारी तुलारामनं सायकल टेकवली. मी मागे धान वाळत घालत होते. शकुन मांडीवर मंदाला घेऊन ओसरीवर होती, म्हणून कार्डं त्यानं तिच्याकडेच दिली. दोन होती.

"बाई!" तिनं हाक मारली. "या लवकर."

मी आले. तिनं एक कार्ड मांडीखाली ठेवलं होतं. दुसरं माझ्यापुढे धरलं. "हे माझं नाही."

"तुले काय समजते? आन इकडं, वाचते."

"माझ्या नावाले सुरवातीले गाठ असते," ती म्हणाली. तीन वर्षं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं होतं तिनं. "याले नाही. हे तुमचं आहे."

मी हात पदराला पुसले. धानाचं कूस पदराला चिकटलं. कार्डावर होतं: सौ. रुखमाबाई गोमाजी, मु. करडी, जिल्हा भंडारा.

"वाचा ना, बाई. काय लिवलं?"

"डोळे तपासाले या म्हनते. मंगळवारी."

"आन शेवटचं?"

मी शेवटचं वाचलं. मोठ्यानं. "आपली प्रकृती कशी आहे?"

मंदा कुरकुरली. शकुननं तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "मंग सांगा ना. कशी आहे?"

मी तिच्या शेजारी ओसरीवर बसले.

"बरी आहे," म्हणाले. "गुडघे दुखतेत."